कळणा, तर्री आणि माझा सीआरपी

आमच्या ऑफिसात सध्या ‘गट’ हा शब्द जाम हिट आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, आली वाटतं गटबाजी, अप्रेझल जवळ आलंय ना! पण हा गट वेगळा. हा पोटातला, आतड्यांचा. कुणाच्या डेस्कवर प्रोबायोटिकच्या इवल्याशा बाटल्या, पॅन्ट्रीच्या फ्रीजमध्ये कुणाचा तरी कोम्बुचा, आणि कँटीनच्या रांगेत ‘यार, माझं गट हेल्थ सध्या बरं नाहीये’ असे डायलॉग. गॅस झालाय म्हटलं की कसं गावठी वाटतं, गट हेल्थ म्हटलं की एकदम क्लास! आणि त्याच्या जोडीला दुसरा परवलीचा शब्द, ‘इन्फ्लमेशन’. म्हणजे आपल्या साध्या मराठीत सूज, दाह.

या गप्पांमध्ये मीही कान देऊन बसते, पण माझं कारण फॅशनचं नाही. माझं कारण पप्पा आहेत.

पप्पा धुळ्याचे. सिगारेट नाही, दारू नाही, पंचकंदीलपर्यंत रोज सायकलवर जाऊन भाजी आणणारा माणूस. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. कोलेस्टेरॉलचे आकडे अगदीच काही भयंकर नव्हते, त्यामुळे आम्ही सगळे डॉक्टरांकडे ‘मग हे झालं कसं?’ असा चेहरा करून बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, ‘कोलेस्टेरॉल हा एकटा आरोपी नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला वर्षानुवर्षं बारीक सूज असते. ती दुखत नाही, म्हणून कळत नाही.’ हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि बाजूला ठेवून दिलं. पुढे दोन वर्षांनी आमच्या कंपनीच्या वार्षिक हेल्थ चेकअपमध्ये माझा एचएस-सीआरपी ४.२ आला. वय ३१. मग ते वाक्य परत आठवलं.

तर सीआरपी म्हणजे काय? शरीरात कुठेही सूज असली की आपलं यकृत हे प्रथिन रक्तात सोडतं. १९३० साली न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. ‘एचएस’ म्हणजे त्याची जास्त बारीक मोजणी. हृदयाच्या धोक्याच्या हिशेबात १ च्या खाली असेल तर मस्त, १ ते ३ मधलं, ३ च्या वर गेलं की लक्ष द्यायचं. १० च्या वर दिसलं तर बहुधा कुठे तरी ताजं इन्फेक्शन आहे. मात्र साध्या सर्दीनं, दाढेच्या दुखण्यानंही हा आकडा चढतो. त्यामुळे एका रिपोर्टवर घाबरून जायचं नाही, दोनेक आठवड्यांनी परत करायचा. मी केला. ३.६!

सूज ही मुळात वाईट गोष्ट नाही हं. पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, म्हणजे शरीराची फौज तिथे पोचलेली असते. काम झालं की फौज परत जाते. भानगड होते ती फौज परत न जाता गल्लीबोळात तंबू ठोकून बसते तेव्हा. हृदयविकाराशी हिचा संबंध आहे हे डॉक्टर बरीच वर्षं म्हणत होते, पण पक्का पुरावा २०१७ साली आला. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढलेल्या दहा हजारांवर पेशंटवर एका औषधाची चाचणी झाली. हे औषध कोलेस्टेरॉलला हात लावत नाही, फक्त दाह कमी करतं. तरीही हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरेचं प्रमाण साधारण १५ टक्क्यांनी घटलं. मग सगळे ते औषध का घेत नाहीत? कारण औषध महागडं, आणि ते घेणाऱ्यांमध्ये जिवावर बेतणारी इन्फेक्शन्सही वाढली. फौजच घरी पाठवून दिल्यावर दुसरं काय होणार! तेव्हा प्रश्न असा उरतो की मुळात ही फौज रोज चिडते कशाने?

कारणं बरीच आहेत. पोटावरची चरबी, झोपेचं खोबरं, तंबाखू, सुजलेल्या हिरड्यासुद्धा. पण एक मोठं कारण आपण दिवसातून तीनदा स्वतःच्या हाताने तोंडात घालतो.

मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. आपल्याला जे पचत नाही, म्हणजे चोथा, फायबर, ते त्यांचं जेवण. ते खाऊन ते ब्युटिरेट नावाचं एक आम्ल तयार करतात आणि आतड्याच्या भिंतीच्या पेशी त्याच्यावर जगतात. म्हणजे आपण भाडेकरूंना पोसायचं आणि भाडेकरूंनी घराची डागडुजी करायची, असा करार. भिंतीवर आतून एक बुळबुळीत थर असतो, तो जिवाणूंना भिंतीपासून चार हात लांब ठेवतो. आता चोथा मिळालाच नाही तर? २०१६ साली उंदरांवर एक प्रयोग झाला. त्यांच्या पोटात माणसाच्या आतड्यातले जिवाणू सोडले आणि जेवणातून फायबर काढून टाकलं. उपाशी जिवाणूंनी चक्क तो थरच खायला सुरुवात केली! थर पातळ झाला, आणि मग बाहेरच्या रोगजंतूंना भिंतीपर्यंत मोकळी वाट मिळाली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण माणसांवरचाही एक प्रयोग आहे, तो मला जास्त हलवून गेला.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधले २० आफ्रिकन अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले २० लोक, सगळे मध्यमवयीन. दोन आठवडे त्यांच्या जेवणाची अदलाबदल केली. अमेरिकेतल्यांचं फायबर रोजच्या १४ ग्रॅमवरून ५५ वर गेलं, खेड्यातल्यांचं ६६ वरून १२ वर आलं. फक्त चौदा दिवस! पहिल्या मंडळींच्या आतड्याच्या अस्तरातला दाह उतरला, ब्युटिरेट वाढलं. दुसऱ्यांचं नेमकं उलट झालं. वाचल्यावर मला खेड्यातली ती वीस माणसं ओळखीची वाटली. जळगाव-धुळ्याहून पुण्या-मुंबईला नोकरीसाठी आलेल्या प्रत्येकावर हाच प्रयोग चालू आहे की! फक्त आमच्यावर कुणी पेपर लिहिला नाही.

आता जरा खान्देशात चला.

माझी आजी, आईची आई, जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातली. तिच्या घरी रोजची भाकरी कळण्याची. तुम्ही खाल्ली नसेल तर सांगते. तीन वाटी ज्वारी, शक्यतो दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. एक वाटी अख्खे उडीद, सालासकट. थोडं जाडं मीठ, कुणी चार मेथीदाणे घालतं. सगळं एकत्र दळायचं. भाकरी होते काळपट करडी, दिसायला अगदीच अनग्लॅमरस. सोबत ठेचा, कांदा, जमलं तर ताक. मराठीत ‘कळणाकोंडा’ हा शब्द गरिबाच्या जेवणासाठीच वापरतात. डाळ करताना जे साल, जो चुरा बाजूला पडतो तो कळणा. जळगाव हे डाळ मिलचं गाव. तिथे मशीनवर उडदाची साल निघते, पांढरीशुभ्र डाळ गोणीत जाते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते काढले. त्यात अख्ख्या उडदात १०० ग्रॅममागे सुमारे २० ग्रॅम फायबर आहे, साल काढलेल्या उडीद डाळीत १२. म्हणजे साल गेली की चाळीस टक्के चोथा गेला. ज्वारीत १० ग्रॅम. तीनास एक या हिशेबानं कळण्याच्या पिठात जवळपास १३ ग्रॅम होतं. दोन चांगल्या जाड भाकऱ्यांना दीडशे ग्रॅम पीठ धरा, एकोणीस ग्रॅम झालं. दिवसाची शिफारस आहे दोन हजार कॅलरींमागे साधारण ३० ग्रॅम. आजीचा निम्म्याहून जास्त कोटा भाजी न खाताच पूर्ण!

इथे ‘गहू वाईट, ज्वारी चांगली’ वाल्यांना जरा नाराज करते. त्याच तक्त्यात गव्हाच्या कणकेत ११ ग्रॅम फायबर आहे, ज्वारीपेक्षा किंचित जास्तच. भानगड पोळीत नाहीच. भानगड आहे मैद्यात (जेमतेम पावणेतीन) आणि पॉलिश केलेल्या तांदळात (तेवढंच). सकाळी ब्रेड-बटर, दुपारी फ्राइड राइस, संध्याकाळी व्हेज पफ, रात्री पिझ्झा... जरा बेरीज करून बघा. आणि मॉलमध्ये ‘मल्टिमिलेट गट फ्रेंडली आटा’ नावानं किलोला जे पैसे घेतात ते बघून तर मला हसूच येतं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, तेव्हापासून तर विचारूच नका. आजीला मी तो भाव सांगितला. ती म्हणाली, ‘आमच्या वख्ती दुसरं खायलेच नव्हतं, म्हनून कळना.’

तिचं हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण ‘आपली आजी किती शहाणी होती, तिला सगळं सायन्स माहीत होतं’ छापाचे मेसेज मला झेपत नाहीत. आजीला सायन्स माहीत नव्हतं, तिला नाइलाज माहीत होता. ती कळणा खायची आणि दिवसभर शेतात कापूस वेचायची. तिची दोन भावंडं लहानपणीच गेली. तेव्हा जुनं सगळं सोनं वगैरे काही नाही. पण त्या नाइलाजाच्या ताटात जिवाणूंचं पोट भरत होतं, हेही खरं. आज तिच्याच गावात ज्वारीची जागा कापूस, मका आणि केळीनं घेतलीये, रेशनवर गहू-तांदूळ मिळतो आणि टपरीवर पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकतात. शहरात येण्याचीसुद्धा गरज उरलेली नाही, तो प्रयोग आता गावातच चालतो.

बरं, खान्देशी म्हटलं की बाहेरच्या लोकांना कळणा आठवत नाही, तर्री आठवते. शेवभाजी! काळा मसाला, वर बोटभर तेल, नाकातून पाणी. माझ्या पुणेरी मैत्रिणींना वाटतं, एवढं जाळ खाल्ल्यावर आतून सूज येणारच. तर तसं नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवतं, मेंदूला वाटतं भाजलं. हे कसं होतं ते शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं. तेव्हा तोंडातली आग वेगळी आणि डॉक्टरांचा दाह वेगळा. (ॲसिडिटी किंवा अल्सर असेल तर मिरची त्रास देणारच, तो मुद्दा निराळा.) शेवभाजीतला माझा खरा संशय तेलावर, मिठावर आणि वारंवारतेवर आहे. पप्पांच्या लहानपणी तर्रीचं मटण पाहुणे आले की, मांडे आखाजीला, रोट कानबाईला. शेवभाजी हा ढाब्यावरचा प्रकार. मी दहावीत असेपर्यंत आमच्या घरी ती ‘भाजी काही नाहीये, मग शेव टाक’ म्हणून आठवड्यातून तीनदा व्हायला लागली होती. सोबत पाव, कारण भाकऱ्या थापायला आईला ऑफिसातून येऊन वेळ नसायचा. यात आईचा दोष काढणारे लोक मला डोक्यात जातात. भाकरी थापणं हे कामच आहे, आणि ते घरातल्या कुणालाही शिकता येतं. पप्पांनासुद्धा. (ते शिकले. नकाशे येतात, पण शिकले.)

भरताचं मात्र कौतुक करू द्या. बामणोदची ती मोठी, हिरवट-पांढरी वांगी... जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकनही मिळालंय. थंडीत शेतात कपाशीच्या काड्या पेटवून त्यात ती भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, मग हिरवी मिरची, ढीगभर लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. लसूण आणि कांद्यातलं इन्युलिन हे जिवाणूंचं एकदम आवडतं खाणं. परदेशातून फिरत आलेला ‘वांगी-टोमॅटो खाल्ल्याने दाह वाढतो’ हा फंडा मात्र डोक्यातून काढून टाका, त्याला धड आधार नाही. एखाद्याला वांगं सोसत नसेल तर त्यानं खाऊ नये, एवढंच. भरताबरोबर तेलात पोहणाऱ्या कळण्याच्या पुऱ्यांऐवजी भाकरी घेतली तर बिघडत नाही. हे बोलल्याबद्दल जळगावकर मला माफ करणार नाहीत.

केळ्याचंही तसंच. आमचं केळं कच्चं असताना त्यातला बराचसा स्टार्च लहान आतड्यात पचतच नाही, तसाच पुढे जिवाणूंकडे जातो. पिकत जातं तशी त्याची साखर होते. म्हणून कच्च्या केळ्याची भाजी हा जिवाणूंसाठी खरा मेजवानीचा बेत. केळ्याचे वेफर्स? छान लागतात, आणि तळलेले असतात.

आंबवलेल्या पदार्थांचा मुद्दा राहिला. २०२१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं ३६ निरोगी माणसांचे दोन गट केले. एकाला दहा आठवडे भरपूर फायबर, दुसऱ्याला दही, केफिर, किमची असले आंबवलेले पदार्थ. दुसऱ्या गटात जिवाणूंच्या जाती वाढल्या आणि दाहाशी संबंधित १९ प्रथिनं कमी झाली. फायबरवाल्यांमध्ये मात्र सरसकट तसं दिसलं नाही. ज्यांच्या पोटात आधीपासून तऱ्हेतऱ्हेचे जिवाणू होते, त्यांनाच फायबरचा फायदा जास्त दिसला. चोथा आहे, पण खाणारेच शिल्लक नाहीत, असं असू शकतं. तेव्हा कळण्याच्या भाकरीबरोबरचा तो ताकाचा पेला शोभेचा नव्हता म्हणायचा. फक्त ताक घरचं, ताजं हवं. आंबवून मग शिजवलेल्या पदार्थात जिवंत जिवाणू उरत नाहीत. त्यामुळे बिबड्या आणि जिलबी दोन्ही या यादीतून बाद. मलाही वाईट वाटलं.

माझ्या प्रोबायोटिकवाल्या मित्रांना मी एवढंच विचारते, बाटलीतून पाहुणे आत सोडता, पण त्यांना जेवायला काय घालता?

मी काय केलं? धुळ्याच्या फुईला फोन केला. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. तिनं सगळा किस्सा ऐकून अहिराणीत निकाल दिला, ‘ते पाकिटं फेकी दे आनि कळना खाय.’ तेव्हापासून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पिठाचा डबा येतो. सुरुवातीला दिवसाला एकच अर्धी भाकरी, कारण एकदम चोथा वाढवला की पोट फुगून फुटबॉल होतो. पाणी जास्त. दर आठवड्याला थोडी थोडी वाढवली. ज्यांना कोलायटिस किंवा क्रोन्सचा त्रास आहे त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असले प्रयोग करू नयेत. दुपारी डब्यात अख्खे मूग किंवा मटकी, रोज वाटीभर दही. बाराऐवजी अकराला झोप, आणि लंचनंतर कॅम्पसला दोन चकरा. आठ महिन्यांनी सीआरपी २.१ आला. यात कळण्याचा वाटा किती, झोपेचा किती, दोन किलो वजन उतरलं त्याचा किती, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि जो सांगेल तो काहीतरी विकत असणार.

पप्पांची गोळ्या-औषधं चालू आहेत, ती भाकरीनं बंद होत नसतात. पण रोजचं ताट बदललंय. कळणा त्यांना लहानपणापासून माहीत, त्यामुळे कुरकुर नाही. कुरकुर आहे ती शेवभाजीवरून. आमची तहानं झाली ती अशी, एक रविवार सोडून एक रविवार, वरचं तेल काढून, आणि पावाऐवजी भाकरी. या महिन्यात पाच रविवार आहेत, हे त्यांनी काल मला फोनवर दोनदा सांगितलं.